लक्षद्वीपची पाच दिवसांची बोट, सासूबाई आणि शेवाळ

दिवस १ : कोच्ची

लक्षद्वीप माझ्या डोक्यात किती वर्षं होतं ते आमच्या ह्यांना विचारा, तेच कंटाळले होते ऐकून. मी रत्नागिरीला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. दरवर्षी सहजीवन हा टॉपिक आला की मी वर्गात डबीतून दगडफूल घेऊन जाते, आपलं गोड्या मसाल्यातलंच, आणि मुलांना सांगते की हे झाडही नाही आणि फूल तर नाहीच, शेवाळ आणि बुरशी यांनी मिळून थाटलेला संसार आहे, शेवाळ स्वयंपाक करतं आणि बुरशी घर सांभाळते. मुलं वास घेतात, खिदळतात, पण लक्षात राहतं त्यांच्या. त्यानंतर प्रवाळ आणि शैवाल यांचं उदाहरण येतं, आणि ते मी इतकी वर्षं घाईघाईने उरकत आले कारण दाखवायला डबीत काही नाही आणि स्वतःही कधी बघितलेलं नाही. मालवणला स्नॉर्केलिंग केलंय दोनदा, पण दोन्ही वेळेला पाणी गढूळ, दिसला तो माझाच हात.

तर शेवटी २०२५ च्या जानेवारीत योग आला. मी, आमचे हे, नववीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई येणार हे ठरलेलं नव्हतं. "मला काय करायचंय समुद्र बघून, दारातच आहे" म्हणत होत्या, आणि मग पोलीस क्लिअरन्सचे फॉर्म भरताना म्हणाल्या माझा पण भरून टाक. वय ७१. परमिटची भानगड मोठी आहे, लक्षद्वीपला भारतीय माणसालाही परमिट लागतं, आणि आमच्या एजंटने एक फॉर्म चुकवून तीन आठवडे आमचा जीव टांगणीला लावला, असो.

रत्नागिरीहून नेत्रावतीने एर्नाकुलम, तिथून रिक्षाने विलिंग्डन आयलंडच्या धक्क्यावर. बोट कसली, तरंगती एसटी स्टँडची इमारत आहे. बेटांवरची माणसं कोच्चीहून खरेदी करून निघालेली, खोकी, गाद्या, फ्रिज, कोंबड्या, आणि मधेच आम्ही टोप्या घातलेले टूरिस्ट. पॅकेज असं की रात्री बोटीवर झोपायचं, बोट रात्रभर चालते, सकाळी नवीन बेट. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय आणि परत कोच्ची. संध्याकाळी भोंगा झाला, बोट हलली, आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) हात जोडले आणि समुद्राला नारळ नाही दिला म्हणून थोड्या खट्टू झाल्या. मुलगा म्हणाला आजी, आपण नारळांच्याच गावाला चाललोय.

दिवस २ : कवरत्ती

रात्रीबद्दल लिहित नाही. अव्होमिन घेऊन पण काही उपयोग झाला नाही एवढंच सांगते. आई मात्र ठणठणीत, सकाळी सहाला कँटीनमधून चहा घेऊन मलाच उठवायला आल्या.

मोठी बोट बेटाला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहते कारण बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे. मग बोटीच्या पोटातलं एक दार उघडतात, खाली छोटी होडी वरखाली होत असते, आणि दोन खलाशी तुम्हाला दंडाला धरून बरोब्बर लाट वर आली की आत टाकतात. हो, टाकतातच. आईंना तर त्यांनी साडीसकट असं अलगद उचललं की होडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग होडी त्या कठड्यातल्या फटीतून आत शिरली आणि पाण्याचा रंग बदलला. फोटोत बघून वाटतं की एडिट केलेलं असणार, तसं नाहीये. बाहेर दौतीतल्या शाईसारखा निळा आणि आत लगूनमध्ये, म्हणजे कठड्याच्या आतल्या उथळ भागात, पोपटी-निळं काचेसारखं पाणी. आमचे हे म्हणाले केवढं स्वच्छ पाणी आहे. मी तिथेच लेक्चर सुरू केलं (सवय). पाणी एवढं नितळ आहे म्हणजे त्यात काही नाही. आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराचं पाणी हिरवट-गढूळ असतं कारण त्यात गाळ आहे, खत आहे, सूक्ष्म जीव आहेत, म्हणून तर मासळी मिळते. इथलं पाणी उपाशी आहे. आणि अशा उपाशी पाण्यात एवढी माशांची आणि प्रवाळाची जत्रा कशी काय भरते हे लोकांना कितीतरी वर्षं कोडंच होतं.

दुपारी काचेच्या तळाची बोट. सगळे वाकून खाली बघतायत, आणि आईंचा चेहरा पडला. "अगं हे तर सगळं मातकट आहे. टीव्हीवर लाल, जांभळं दाखवतात." खरंच होतं. खाली हरणाच्या शिंगांसारखे फांद्यांचे प्रवाळ, मोठे घुमट, पण रंग बहुतेक सगळ्यांचा तपकिरी, खाकी, फार तर मोहरीसारखा पिवळसर. जांभळी टोकं कुठेकुठे होती, पण थोडीच.

मला मात्र उभं राहून नाचावंसं वाटलं, कारण तो तपकिरी रंग प्रवाळाचा नसतोच मुळी. तो शेवाळाचा असतो! प्रवाळ हा प्राणी, इवलासा, तोंडाभोवती बोटं फुटलेली पिशवी म्हणा, आणि त्याची कातडी जवळजवळ पारदर्शक. त्या कातडीच्या आतल्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं, झूझॅन्थेली नाव आहे, १८८१ साली कार्ल ब्रांट नावाच्या जर्मन माणसाने ठेवलेलं. एका चौरस सेंटीमीटरमध्ये दहा-वीस लाख पेशी, म्हणजे आपल्या नखाएवढ्या जागेत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंख्येएवढं शेवाळ. ते उन्हात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देऊन टाकतं, प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेतला ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा तिथून येऊ शकतो. बदल्यात प्रवाळ त्याला राहायला जागा देतो आणि स्वतःचा कचरा देतो, कार्बन डायॉक्साइड, नायट्रोजन, फॉस्फरस, जे त्या उपाशी पाण्यात सोन्यापेक्षा महाग आहे. खरकटंसुद्धा वाया न घालवणारं घर.

आई म्हणाल्या, "म्हणजे शेवाळ खातं ते?" म्हटलं खात नाही हो, त्याच्या हातचं खातं.

पण मग बोट जरा पुढे गेली आणि माझी फजिती झाली. तिथेही शिंगंच होती, तपकिरीच होती, आणि मी जोरात सांगितलं हे बघा हे पण जिवंत. बोटवाला मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, हिंदी मोडकी पण चालून जाईल अशी, तो मान हलवून म्हणाला, नहीं मॅडम, वो मरा हुआ है. मी परत बघितलं. मला फरकच कळेना! मग त्याने बोट थांबवली आणि दाखवलं. जिवंत प्रवाळाचं अंग स्वच्छ असतं, नीट बघितलं तर त्याच्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्राणी. मेलेल्यावर मऊ लव असते, त्या लवेत वाळू आणि गाळ अडकलेला, ओल्या गोधडीसारखं दिसतं. तेही शेवाळच. फक्त ते आत नाही, वर चढलेलं आहे.

एवढी वर्षं शिकवतेय आणि ही गोष्ट कुठल्या पुस्तकात मला अशी दिसली नव्हती. दोन्हीकडे शेवाळ, दोन्हीकडे तपकिरी, एक पोसतंय आणि एक मढ्यावर उगवलंय. बोटीतले बाकीचे लोक सेल्फी काढत होते आणि आम्ही सासू-सुना "हे जिवंत, हे मेलेलं, नाही नाही ते जिवंत" असा खेळ खेळत होतो. आई माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. तांदूळ निवडायची नजर आहे म्हणाल्या.

कवरत्तीत अजून काय बघितलं तर उज्रा मशिदीचं लाकडी कोरीवकाम (फार सुंदर, शांतपणे बघा), मत्स्यालय, आणि समुद्राच्या पाण्याचं पिण्याचं पाणी करणारा प्लँट लांबून. जेवायला टूनाची बिर्याणी. आमच्या ह्यांनी तीनदा घेतली.

दिवस ३ : कल्पेनी

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, त्यामुळे इथे जास्त लिहिणारे, कंटाळा आला तर मिनिकॉयवर उडी मारा.

कल्पेनीचं लगून प्रचंड मोठं आणि त्यात तिलक्कम, पिट्टी अशी पिल्लं बेटं. आम्हाला लाइफ जॅकेट, मास्क आणि नळी देऊन पाण्यात सोडलं. पहिली पाच मिनिटं नाकातोंडात पाणी, मग अचानक श्वास जुळला, आणि मग मी बाहेर यायलाच तयार नाही.

पाण्याखाली आवाज असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. करंकरं करंकरं, कुणी जवळच जुनी भिंत खरवडतंय तसा. वळून बघितलं तर पोपटमासे. पाच-सहा होते, हिरवे-निळे-गुलाबी, दात बाहेर आलेले, चोचीसारखे जुळलेले, आणि ते मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खात होते, दगडासकट. खातात, आतमध्ये दळतात, आणि मागून पांढरी धार सोडतात. ती धार म्हणजे वाळू. मोठा पोपटमासा वर्षाला काही शे किलो वाळू काढू शकतो. त्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर आम्ही सकाळी अनवाणी फिरलो, आईंनी तर "काय मऊ वाळू" म्हणून पदराला लावली होती, त्यातली बरीच कुठून आलीय हे मी त्यांना संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. मुलाने सांगितलं. आई म्हणाल्या गोमूत्र चालतं तर हे का नाही.

त्या खरवडलेल्या जागांवर मधे मधे गुलाबी रंगाचा थर दिसत होता, भिंतीला ऑइलपेंट उडाल्यासारखा. मला वाटलं काहीतरी स्पंज असेल, पण तेही शेवाळ निघालं, कॉरलाइन शैवाल, जे स्वतःच्या अंगात चुना भरतं आणि दगडासारखं कडक होतं. हे सुट्या तुकड्यांना सिमेंटसारखं जोडतं. जिथे लाटा सगळ्यात जोरात आपटतात तिथे प्रवाळसुद्धा टिकत नाहीत, तिथे हे टिकतं. आणि गंमत म्हणजे प्रवाळाची पिल्लं पाण्यातून वाहत येतात ना बसायला जागा शोधत, ती यातल्या काही जातींचा वास घेत येऊन त्यावर बसतात. त्या लवेच्या गोधडीवर बसली तर गाळात गुदमरतात.

म्हणजे हिशोब असा झाला की एक शेवाळ जेवू घालतं, एक घर बांधून देतं, आणि एक जागा बळकावतं. आणि हे तिसरं कधी माजणार आणि कधी नाही, ते बरंचसं त्या खरवडणाऱ्या दातांवर.

मला एका माशाने हाकललं पण. काळपट, जेमतेम वीतभर, आणि थेट माझ्या मास्कवर येऊन टकटक. गाईड हसायला लागला. हे मासे शेवाळाची शेती करतात, आपला एक तुकडा राखतात, नको ते तण उपटून टाकतात आणि कुणी आलं की अंगावर जातात, मग तो पोपटमासा असो की बायोलॉजीची मॅडम. बांधाच्या भांडणात कोकणातल्या माणसाला नवीन काही नाही, मी मुकाट्याने मागे सरकले.

दुपारी झाडाखाली शहाळं पीत बसलो तेव्हा त्या गाईडने (नाव देत नाही, त्याला विचारलं नाही) मागच्या वर्षीचं सांगितलं. २०२३ च्या ऑक्टोबरपासूनच समुद्र तापायला लागला होता, आणि २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये प्रवाळ पांढरे पडायला लागले. म्हणाला पहिल्यांदा बघितलं तर बर्फ पडल्यासारखं इतकं सुंदर दिसत होतं की टूरिस्ट फोटो काढत होते, आणि आम्हाला रडू येत होतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानापेक्षा एखाद डिग्री जरी वर जाऊन महिनाभर तसंच राहिलं की आतल्या शेवाळाची यंत्रणा बिघडते, ते साखरेबरोबर विषारी ऑक्सिजन तयार करायला लागतं, आणि प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. शेवाळ गेलं की रंग गेला, पारदर्शक कातडीतून आतला पांढरा चुन्याचा सांगाडा दिसतो. तेव्हा प्रवाळ मेलेला नसतो हं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. उपाशी असतो. बोटं हलवून थोडंफार पकडून खातो, पण त्यावर किती दिवस काढणार, काही आठवडे. तेवढ्यात पाणी थंड झालं तर शेवाळ परत वाढतं, नाहीतर ती गोधडी चढते.

लक्षद्वीपला हे १९९८ ला झालं, २०१० ला झालं, २०१६ ला झालं आणि मग २०२४. गाईड हे आकडे घरातल्या वाढदिवसांसारखे सांगत होता. मी परत आल्यावर वाचलं, तिथे वर्षानुवर्षं पाण्यात उतरून मोजणी करणारे शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या हिशोबाने जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ ला सुमारे ३७ टक्के होतं ते २०२२ ला २० च्या खाली आलं. म्हणजे २०२४ च्या आधीच जवळजवळ निम्मं. दर वेळेला मार बसतो, मग भरून यायला लागतं, आणि भरायच्या आत पुढचा मार.

पण तरी भरून येतं, मला तेच नवल वाटलं. कारण सगळीकडे येत नाही. जमैकाचं उदाहरण मी मुलांना सांगायचे, आता जरा कळून सांगेन. तिथे खरवडणारे मोठे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते. मग १९८० ला मोठं वादळ झालं, प्रवाळ मोडले, तरी काळे काटेरी समुद्री साळिंदर (सी अर्चिन) शेवाळ खाऊन कसंबसं आवरत होते. १९८३ ला रोग आला आणि तेही जवळजवळ सगळे मेले. झालं, आवरायला कुणी उरलं नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी जिथे निम्म्याच्या वर प्रवाळ होते तिथे पंधरा-एक वर्षांत पाच टक्क्यांच्या आत आले आणि बाकी सगळं शेवाळाचं रान. लक्षद्वीपला १९९८ नंतर तसं रान माजलं नाही. का नाही, ते मला दुसऱ्या दिवशी मिनिकॉयला कळलं.

जाता जाता, कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा लांबच लांब ढीग आहे, १८४७ च्या वादळात समुद्राने उचलून फेकलेला. मुलाने त्यातला अंगठ्याएवढा तुकडा हळूच खिशात टाकला. गाईडने न बघितल्यासारखं केलं आणि होडीत बसताना म्हणाला, छोटा भाई, जेब खाली करो. मेलेला असला तरी न्यायचा नाही, कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे कडक प्रवाळाला. मुलगा कानापर्यंत लाल.

दिवस ४ : मिनिकॉय

मिनिकॉय बाकी लक्षद्वीपपेक्षा वेगळंच. बाकी बेटांवर मल्याळमसारखी बोली, इथे महल, मालदीवची भाषा, लिपी उजवीकडून डावीकडे. आई घाटावर पाय ठेवताच तिथल्या एका बाईशी बोलायला लागल्या, मराठीत, आणि ती त्यांच्याशी महलमध्ये, आणि दोघींचं बरं चाललं होतं. बाई टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली "मास". आई म्हणाल्या हो हो मासा. मग आकडे मोजून झाले, एके, दे, तिने असं काहीतरी, आणि आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, अगं ह्या आपल्यातल्याच आहेत! चुकीचं नाही ते. ही भाषा खरोखरच मराठीच्याच कुळातली आहे, संस्कृत-प्राकृताकडून आलेली, मल्याळमशी नातं नाही तिचं.

लाइटहाउस १८८५ चं, इंग्रजांच्या वेळचं. पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती, शंभरनंतर श्वास मोजायला लागले. आई खालीच बसल्या. वरून मात्र सगळं नकाशासारखं दिसतं. केळ्यासारखं वाकडं बेट, पोटात पोपटी लगून, आणि पलीकडे लाटा फुटतात ती पांढरी रेघ. चार्ल्स डार्विनने १८४२ साली लिहिलं होतं की अशी कडी असलेली बेटं म्हणजे बुडत गेलेल्या डोंगरांचे माथे, डोंगर खाली जातो आणि प्रवाळ वर वर बांधत राहतात. का वर, तर उजेड हवा. उजेड कुणाला हवा? प्राण्याला नाही, त्याच्या पोटातल्या शेवाळाला. म्हणजे हे अख्खं बेट, हे लाइटहाउस, ही माणसं, त्या एकपेशीय भाडेकरूला ऊन लागतं म्हणून समुद्राच्या वर आहेत. मला वर उभं राहून हे सुचलं आणि जरा गरगरलंच, पायऱ्यांमुळेही असेल.

आमचे हे म्हणाले मग आपल्या कोकणात असं एकही बेट का नाही. म्हटलं आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने नद्या गाळ ओततात, गोडं पाणी ओततात, शेवाळाला ऊन कुठून मिळणार. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास थोडे चिवट प्रवाळ आहेत. आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या वर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथे गाळ पोचत नाही, पाणी स्वच्छ, पण ती पाण्याच्या वर आलेली नाही, वीसेक मीटर खाली आहे. मुलगा म्हणाला म्हणजे आपलं पण लक्षद्वीप आहे, बुडलेलं. बरोबर बोलला.

खाली आलो तर आई अंगठी फिरवत बसलेल्या. पोवळ्याची, मंगळासाठी, माझ्या लग्नाच्याही आधीची. "हे इथलंच का गं?" नाही म्हटलं, हे लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्राकडचं असतं, खोल अंधाऱ्या पाण्यात वाढतं, त्याच्यात शेवाळ नसतंच, तो लाल रंग त्याचा स्वतःचा. आई म्हणाल्या, "मग हा बिचारा एकटाच राहतो." आणि पदराने अंगठी पुसली.

आता मासेमारी. धक्क्यावर एक म्हातारे चाचा भेटले, कोच्चीत काम केलेले म्हणून हिंदी चांगली. ते सांगत होते आणि मी अधाशासारखी विचारत होते. इथे माणसं पिढ्यान् पिढ्या कुपा पकडतात, टूना हो, तोही जाळ्याने नाही तर गळाच्या काठीने, एकेक करून. पहाटे लगूनमध्ये बारीक मासळी जिवंत पकडायची, होडीतल्या पाण्याच्या हौदात ठेवायची, मग बाहेर खोल समुद्रात जायचं, कुप्याचा थवा दिसला की ती जिवंत मासळी फेकायची, वर पाण्याचे फवारे मारायचे, कुपा वेडा होऊन खायला वर येतो की काठ्या टाकायच्या, वरखाली वरखाली, फटाफट. सगळी कमाई बाहेरच्या समुद्रातून. रीफवरचे, म्हणजे प्रवाळाच्या कठड्यावरचे मासे? चाचांनी तोंड वाकडं केलं. कुपा असताना ते कशाला खायचे, पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा थोडे.

माझी ट्यूब तिथे पेटली. पोपटमासे वाचले ते कुणी वाचवायचे ठरवून नाही, लोकांना कुपा आवडतो म्हणून! दात शाबूत राहिले म्हणून शेवाळ आवरलं गेलं, म्हणून १९९८ नंतर प्रवाळ परत बसू शकले. आणि ती चाऱ्याची बारीक मासळी, तीही बरीच प्रवाळाच्या फांद्यांमध्येच राहते, प्रवाळ मेला की चारा कमी, चारा कमी की कुपा कमी, आणि कुपा कमी झाला की माणूस कुठे बघणार, रीफकडेच. चाचांना हे मी सांगायला गेले तर ते माझ्याकडे असं बघत होते की बाई, हे तू आम्हाला सांगतेस? त्यांनीच मग सांगितलं की आता काही बेटांवर रीफचे मासे पकडून बाहेर पाठवायला लागलेत, भाव मिळतो, बर्फ मिळतो, पोरांना दोष कसा द्यायचा. एवढं बोलून ते उठले, नमाजाची वेळ झाली होती.

मला एक प्रामाणिकपणे कबूल करायचंय. आदल्या दिवशी बोटीवर जेवणात "रीफ फिश फ्राय" अशी वेगळी पाटी होती, एक्स्ट्रा पैसे देऊन. आम्ही खाल्लं होतं. चविष्ट होतं. कुठला मासा होता मी विचारलं नव्हतं.

निघताना मासमीन घेतलं, कुपा उकडून, धुरावून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवलेला. आईंनी हातात घेऊन ठोकून बघितलं, वास घेतला आणि दोन किलो सांगितलं. मी म्हटलं अर्धा पुरे. दोनच घेतलं.

दिवस ५ : परत

समुद्र शांत होता, झोप लागली, सकाळी कोच्ची. धक्क्यावर सामान तपासलं, प्रवाळ-शिंपले आहेत का बघत होते, मुलाने बॅग स्वतःहून उघडून दाखवली. दुपारची गाडी पकडली.

कारवार सोडेपर्यंत डब्यात मासमीनचा वास पसरलेला. समोरच्या बर्थवर ठाण्याचं एक कुटुंब होतं, त्यातल्या बाईंनी शेवटी विचारलंच की काहीतरी जळल्यासारखं येतंय का. मी खिडकीबाहेर बघायला लागले. आईंनी शांतपणे पिशवी पुढे ओढली, गाठ सोडली, एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कुपा आहे. पण आधी मला सांगा, शेवाळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

मडगाव गेलं, थिवी गेलं, सावंतवाडी गेली. ठाण्याच्या बाई पाय वर घेऊन नीट बसल्या होत्या आणि आई हाताने पोपटमाशाची चोच करून दाखवत होत्या.